घंगाळातला तंटा

"आई गं! पोळलो!" राजे ओरडले.

"अगं बाई! गारठले!" त्याच क्षणी राणीसाहेब किंचाळल्या.

आणि दोघांचे हात होते एकाच घंगाळात!

आता आली का पंचाईत! कातळगडचा रिवाजच तसा होता. राजांच्या वाढदिवशी, ऐन पौषातल्या थंडीत, राजाराणीनं एका घंगाळात मिळून हात बुडवायचा, पाणी बेताचं आहे असं एका सुरात म्हणायचं आणि मग मंगलस्नानाला बसायचं. सूर जुळला की वर्ष सुखाचं. इथं तर पाण्यातच भांडण जुंपलं!

चंडवीरराजे होते तापट, आणि हट्टी तर इतके की स्वतःच्या सावलीलाही मागे सरकायला सांगतील. त्यांनी सगळा राग काढला राणोजीवर. राणोजी म्हणजे न्हाणीघराचा बंब पेटवणारा, विसण घालून पाणी कोमट करणारा गरीब माणूस.

"राणोजी! पाणी कसं होतं?"

"बेताचं व्हतं, म्हाराज."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"न्हाई, म्हाराज!"

"मग राणीसाहेब खोटं बोलतात?"

राणोजीनं घाईघाईनं दोन्ही कान पकडले.

"म्हणजे खोटा तूच! चालता हो माझ्या राज्यातून!"

दारात सरपणाचा भारा घेऊन राणोजीची लेक भिवरा उभी होती. या भिवराला एक खोड होती. कुणी काही सांगितलं की ही म्हणणार, "करून बगूया की!" बी उलटं पेरलं तर कोंब खाली जातो का, हे तिनं सात करवंट्यांत पेरून पाहिलं होतं. गूळ गार पाण्यात लवकर विरघळतो की गरम, हे पाहताना घरातला सगळा गूळ संपवला होता, आणि आई लाटणं घेऊन येईपर्यंत ते पाणीही पिऊन टाकलं होतं! गाव तिला येडी म्हणे. भिवरा म्हणे, "आसंल बी. बगायला पायजे!"

पण आज बापाचा पडलेला चेहरा पाहून ती पुढं सरसावली. तिनं भारा धाडकन खाली टाकला.

"राणीसाब, हितं यायच्या आदी कुटं व्हता?"

"शेगडीशी. हात शेकत होते."

"आन तुमी, म्हाराज?"

"तळ्यात! सूर्याला अर्घ्य देत होतो. पाणी आहे का बर्फ!"

भिवराचे डोळे लकाकले. "मंग तुमी दोगंबी खरं बोलताय! आन माजा बा बी!"

"वितंडवाद!" राजपंडित गंगाधरशास्त्री कडाडले. "एकच वस्तू एकाच वेळी उष्ण आणि शीत? अशक्य!"

"शास्त्रीबुवा, करून बगितलंय का?"

"पाण्यात हात घालून शास्त्र कळतं होय गं, पोरी?"

राजांनी मिशीला पीळ भरला. "ठीक आहे! मला, एकट्या मला, एकाच घंगाळातलं पाणी एकाच वेळी गरम आणि गार लागलं पाहिजे. उन्हं माथ्यावर यायच्या आत दाखव. नाहीतर बापलेक दोघं सीमेपार!"

घटकाभरात चौकात तीन घंगाळं मांडली गेली. सगळा दरबार भोवती गोळा झाला. भिवरानं एकात बंबाचं सोसवेल इतकं गरम पाणी ओतलं आणि दुसऱ्यात विहिरीचं गार. मधल्यात एक तांब्या इकडचा, एक तांब्या तिकडचा, असं सगळ्यांसमोर मिसळलं.

"म्हाराज, डावा हात गरमात, उजवा गारात. आन शास्त्रीबुवा, तुमी एक स्तोत्र म्हना. त्ये सरंस्तवर हात काडायचा न्हाई!"

शास्त्रीबुवांनी खुन्नस म्हणून सगळ्यात लांबलचक स्तोत्र काढलं.

"अहो, आटपा!" राजे कळवळले. "उजवा हात आहे की गळून पडला तेच कळेना!"

स्वतःच्या हातांवर भिवरानं हा खेळ शंभरदा केला होता, आईच्या आणि शेजारणीच्या हातांवरही केला होता. पण राजाचे हात? ते वेगळे निघाले तर? कोपऱ्यात राणोजी डोळे गच्च मिटून उभा होता.

स्तोत्र संपलं एकदाचं.

"आता दोनी हात मदल्या घंगाळात!"

राजांनी हात बुडवले. सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

"हं! गार आहे," राजे म्हणाले. "छे, छे! गरम आहे! अहो थांबा... डावा म्हणतो गार! उजवा म्हणतो गरम! अरे, हे काय चाललंय?"

त्यांनी हात काढले, झटकले, पुन्हा बुडवले. पुन्हा तेच!

"म्हाराज, पानी येकच न्हवं?"

"एकच!"

"आन दोनी हात तुमचंच?"

"माझेच! मग काय शास्त्रीबुवांचे?"

"मंग यातला खोटारडा हात कंचा, त्येवडं सांगा," भिवरा पदर खोचून म्हणाली. "माज्या बाच्या बदली त्याला सीमंपार धाडू!"

क्षणभर राजे आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघत राहिले. आणि मग असे खदखदून हसले, की पगडी घरंगळून थेट मधल्या घंगाळात! राणीसाहेब हसता हसता खाली बसल्या. प्रधान, सेनापती, भालदार, सगळ्यांची हात बुडवायला रेटारेटी सुरू झाली. "गार!" "गरम!" "मलाही! मलाही!" शास्त्रीबुवांनी हळूच दोन बोटं बुडवून पाहिली आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघितलं.

राजांनी आपला शेला राणोजीच्या खांद्यावर घातला. राणोजीला रडावं की हसावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं.

"आणि भिवरा, तुला काय देऊ? सोनं? वाडा?"

"मला करून बगायला जागा द्या, म्हाराज. जितं गूळ संपला तर कुनी लाटनं घिऊन येत न्हाई!"

राजांनी रिकामा हत्तीखाना तिच्या नावे केला आणि तिला कातळगडची राजपरीक्षक नेमलं. पुढं चाळीस वर्षं तिनं तिथं काय काय उकळलं, गोठवलं, जोखलं आणि फोडलं, याची तर मोजदादच नाही.

पण पहिल्या सकाळी ती कुलूप उघडायला गेली, तेव्हा दाराशी चंडवीरराजे बाह्या सरसावून उभे होते.

"हं, आज कशात हात घालायचा?"

"रांगेत उभे राहा!" पलीकडून आवाज आला. राणीसाहेब त्यांच्याही आधी येऊन बसल्या होत्या!