शनिवारचा धूर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मला विचारू नका. मला सांगणाऱ्यानंही ते सांगितलं नव्हतं.

समुद्राकाठच्या एका गावात तेल गाळणाऱ्या बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, एक आळी होती. सहा दिवस घाणे फिरायचे. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, बैल सुटे, घाणा गप्प आणि चुली थंड. शुक्रवारी रांधलेलं शनिवारी गार खायचं. सकाळी सगळे प्रार्थनाघरात जमत. प्रार्थना चालवणारे म्हातारे हझानबाबा तोरा या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग वाचत आणि आठवडाभर पुरेल असा त्याचा अर्थ सांगत.

त्या आळीत एलोजी राहायचा. नियमाचा पक्का, अगदी नको तितका पक्का. त्याची आई सिमाबाई हिवतापानं खंगली होती. भर वैशाखात दुपारी तिला हुडहुडी भरायची. वैद्यानं बजावलं होतं, "काढा रोज गरमच द्या. गार काढा न् साधं पाणी सारखंच. असं अंग कापत राहिलं तर म्हातारी हाती लागायची नाही."

एलोजी सहा दिवस काढा गरम देई. शनिवारी मात्र आदल्या दिवशीचा गार. "आई, शब्बाथला चूल नाही म्हणजे नाही," तो म्हणे.

एका शनिवारी जेवून तो ओटीवर बसला होता. शेजारच्या शालोमच्या छपरातून धूर निघताना त्याला दिसला.

शब्बाथला धूर! एलोजीच्या पोटात संशय शिरला. संशयाला दार उघडं लागत नाही, फट पुरते. शालोम गरम जेवतो की काय? की लपून तेल तापवतो? परवा बाजारात त्याचं तेल आपल्याआधी कसं खपलं? लहानपणापासूनचा सोबती, पण आता त्याचं हसणंही एलोजीला लबाड वाटू लागलं.

पुढच्या शनिवारी तो टपूनच बसला. नेमका त्याच वेळी धूर आला. आत आई झोपली असेल म्हणून त्यानं हूं की चूं केलं नाही. नुसता नाक वर करून हुंगत राहिला.

तिसऱ्या शनिवारी हझानबाबा वाचत होते, "माझे नियम पाळ, माणसानं ते पाळावेत आणि त्यांच्यामुळे जगावं." मान वर करून ते म्हणाले, "जगावं, बरं का. मरावं असं लिहिलेलं नाही. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला सरतो." मग पुढे वाचलं, "शेजाऱ्याचा न्याय नीतीनं कर."

एलोजीनं यातलं अक्षरही ऐकलं नाही. त्याचे डोळे शालोमच्या बोटांवर होते. नखांत काजळी दिसते का, ते तो बघत होता.

वाचन संपताच तो उठला. "शालोमच्या घरात शब्बाथला चूल पेटते. मी दोनदा पाहिलं."

सगळ्यांच्या माना वळल्या. हझानबाबांनी विचारलं, "खरं का रे?"

"खरं आहे," शालोम म्हणाला. "मीच पेटवतो."

"कशासाठी?"

शालोमनं एलोजीकडे पाहिलं आणि खाली बघितलं. "ते सांगायचं नाही, असा मी शब्द दिलाय."

आळीच्या पंचांनी ठरवलं, कारण सांगेपर्यंत शालोमला वाचनाच्या वेळी तोरासमोर बोलवण्याचा मान द्यायचा नाही. बायकांच्या बाजूला बसलेली सिमाबाईनं पदर तोंडाशी धरला.

दुपारी एलोजी ओटीवर बसला. शेजारी धुराचा मागमूस नव्हता. जिरली एकदाची, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

तेवढ्यात आतून दात वाजल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर आई गोधडीत थडथड कापत होती, ओठ निळे पडलेले.

"आई, अगं काय होतंय?"

"काही नाही रे. आज शालोमकडे गेले नाही. माझ्यापायी त्याला आणखी बोल नको."

"शालोमकडे? कशाला?"

"काढ्याला. तू ओटीवर बसलास की मी परसातून जायची. तो चूल पेटवून गरम करून द्यायचा. तुझं मन मोडेल म्हणून तुला सांगू नको, असं मीच त्याला म्हटलं होतं."

एलोजीनं चकमक शोधली आणि आपली चूल पेटवली. लाकडं ओली निघाली. छपरातून असा धूर निघाला की साऱ्या आळीनं पाहिला.

आता लोक येतील, आता मला विचारतील, असं त्याच्या मनात आलं. जशास तसं.

खरंच कुणीतरी धावत आलं. शालोम होता. काखेत सुक्या लाकडांचा भारा.

"धूर दिसला," तो धापा टाकत म्हणाला. "काकूंना जास्त झालं का रे?"

एलोजी रडू लागला. शालोमनं त्याला बाजूला केलं आणि स्वतः चुलीपुढे बसला. काढा उकळला, म्हातारीच्या पोटात गेला, संध्याकाळी तिचं कापणं थांबलं. ती वाचली.

पुढच्या शनिवारी एलोजी प्रार्थनाघरात उभा राहिला. जिथं शेजाऱ्याची अब्रू घेतली, तिथंच त्यानं सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली. "शब्बाथचा धूर आम्ही दोघांनी पाहिला," तो म्हणाला. "मला त्यात पाप दिसलं, याला माझी आई दिसली."

हझानबाबांनी त्या दिवशी सगळ्यांत आधी शालोमला तोरासमोर बोलावलं. आणि दर शनिवारी दुपारी एलोजीच्या छपरातून धूर निघू लागला, आई बरी होईपर्यंत. आळीत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या घरातून धूर निघताना दिसला, तर आधी दुखणं विचारावं, पाप शोधायला जाऊ नये.