चार बोटं कोरी जागा

एका गावात एक बखर होती. गावं काय, सगळीकडे असतात. पण स्वतःची बखर असलेलं गाव त्या मुलखात हे एकच. विहीर कोणी खणली, साथ कधी आली, कोणत्या पुरात निम्मी घरं गेली, सगळं त्यात होतं. ती लिहिणाऱ्याला बखरकार म्हणत. त्याच्या बापाने आणि आजानेही हेच काम केलं होतं.

सुगी संपली की बखरकार पारावर बसून बखर वाचून दाखवी. त्याचा एक रिवाज होता. ऐकताना ज्याला वाटेल की हे असं घडलं नव्हतं, त्याने उठून पानावर एक खडा ठेवायचा. खडा पडला की वाचन थांबे. त्या माणसाचं म्हणणं सगळे ऐकून घेत आणि बखरकार ते पानाच्या डाव्या बाजूला लिहून ठेवी. त्यासाठी प्रत्येक पानावर चार बोटं जागा कोरी सोडलेली असे.

एकदा पाटलाच्या पणजोबांनी वाघ मारल्याचं वाचलं गेलं, तर एका म्हातारीने खडा ठेवला. म्हणाली, "वाघ म्हातारा होऊन आदीच मेला व्हता. पणजोबा नुसते शेजारी हुबे ऱ्हायले." पाटील वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पण ते लिहिलं गेलं आणि कोणी खोडलं नाही.

नदीपलीकडे नावाड्यांची वस्ती होती. नावाडी वाचनाला उशिरा येत आणि ओल्या पायांनी मागच्या रांगेत बसत. बखरकाराचा तरणा मुलगा बापाजवळ बसायचं सोडून त्यांच्यातच जाऊन बसे. त्याला लेखणीपेक्षा वल्ह्याची आवड होती. बापाला ते डाचायचं, पण एकुलता एक मुलगा, बोलणार किती?

एका वर्षी दोन राजांचं भांडण जुंपलं. दोघांपैकी एकानेही हे गाव कधी पाहिलं नव्हतं. पावसाळा नुकताच सरला होता आणि नदी दुथडी भरून वाहत होती. एका सकाळी पलीकडच्या तीरावर भाले चमकले. लोकांनी पोरंबाळं उचलली आणि डोंगराची वाट धरली. बखरकाराचा मुलगा आदल्या दिवशी पलीकडे गेला होता, तो परतला नव्हता. बापाचा पाय निघेना, तेव्हा लोकांनी त्याला ओढत नेलं. दुपार टळल्यावर त्यांनी डोंगरावरून मागे वळून पाहिलं. गाव जळत होतं, आणि बखर गावातच राहिली होती.

ते लोक दोन डोंगर ओलांडून परक्या मुलखात झोपड्या बांधून राहिले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. म्हातारी माणसं एकेक करून जाऊ लागली, तसा पाटील बखरकाराला म्हणाला, "बखर पुन्ना लिवा. न्हाईतर आपण कोण, ते आपल्या नातवंडांस्नी बी कळायचं न्हाई."

बखरकाराला सगळं तोंडपाठ होतं. तो लिहू लागला. कागद मिळता मिळत नव्हता, म्हणून तो पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिही. बायको म्हणाली, "अहो, डावीकडची जागा सोडा की."

"कोणासाठी सोडू?" तो म्हणाला. "इथे सगळे आपलेच आहेत."

लिहिता लिहिता शेवटचं पान आलं. गाव कसं पडलं, ते लिहायचं होतं. पाटील म्हणाला, "नदी भरून व्हात व्हती. नावाड्यांनी होड्या दिल्या नसत्या, तर फौज आली कशी?"

लोकांनी माना डोलावल्या. पळापळीत आणि परक्या मुलखात ज्याने त्याने आपल्या घरचं कोणीतरी गमावलं होतं.

"मी पाहिलं नाही," बखरकार म्हणाला.

"आमी तरी कुटं बगितलं? पर दुसरं हुनार काय?"

'फौज कशी आली ते ठाऊक नाही,' एवढंच त्याला लिहिता आलं असतं. ते खरंही होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर मुलगा उभा राहिला. तो ज्यांना आपले मानत होता, त्यांनीच त्याला मारेकऱ्यांच्या हाती दिला असणार, असं बापाला वाटू लागलं. खरं सांगायचं तर दुःखापेक्षा राग सोपा असतो. त्याने लिहिलं, 'नावाड्यांनी दगा केला. त्यांनी शत्रूला होड्यांतून आणलं.'

रिवाजाप्रमाणे ते पान मोठ्याने वाचलं गेलं. खडा पडला नाही. पडणार कसा? मागची रांग रिकामी होती. खडा पडला नाही म्हणजे खरं, असं ठरलं.

लोक वाऱ्यावर पांगले तशा त्या बखरीच्या नकलाही पांगल्या. पोरांनी ती पाठ केली. त्यांचा एक खेळ होता. एकाने नावाडी व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला बडवायचं. तो खेळ मोठी माणसं हसून बघत.

वीस वर्षांनी तह झाला आणि लोक गावी परतले. उन्हाळा होता, नदी आटली होती. पलीकडे चार-पाच चुलींचा धूर दिसला. परक्या मुलखात वाढलेल्या तरण्या पोरांनी विचारलं, "तिकडं कोण ऱ्हातं?" कोणीतरी म्हणालं, "नावाडी." पोरं कुऱ्हाडी आणि कोलितं घेऊन गेली. वस्ती जळली. तीन माणसं मेली, त्यांतली एक बाळंतीण होती.

दुसऱ्या दिवशी पलीकडून एक म्हातारी नदी उतरून आली. पायांना चिखल होता आणि मुठीत काहीतरी होतं. ती सरळ पारावर आली आणि बखरकाराला म्हणाली, "वाच, दादा. शेवटलं पान वाच."

त्याने वाचलं. तिने मूठ उघडली आणि पानावर खडा ठेवला.

पाटील उठू लागला, पण बखरकाराने हाताने त्याला बसवलं. रिवाज होता तो. "बोला," तो म्हणाला.

"बोलत न्हाई. दावते. चला."

ती सगळ्यांना नदीवर घेऊन गेली. डोहाचं पाणी उतरलं होतं आणि गाळात अकरा होड्या रुतल्या होत्या. प्रत्येकीच्या तळाला भोक होतं. कुऱ्हाडीचे घाव आतून घातलेले होते.

"फौजंला होड्या गावू नयेत म्हनून आमीच फोडल्या," म्हातारी म्हणाली. "मंग त्यांनी आमची घरं मोडली, वाशांचे तराफे केले. त्यात दुपार झाली. तवर तुमी डोंगरावर पोचला. आमचे गडी त्यांनी हितंच कापले. मी चार लेकरं घिऊन लव्हाळ्यात दडले व्हते. त्यातली दोन काल तुमी मारली."

म्हातारी बखरकाराकडे वळली.

"तुजा ल्योक बी त्या गड्यांत व्हता. होडी आमच्या पोटाची, आमच्या गड्यांचा हात उचलंना. पयला घाव त्यानं घातला."

बखरकार तिथेच गाळात बसला. आपण लेखणीने कोणाला दगाबाज ठरवलं, ते त्याला आता कळलं.

संध्याकाळी तो पारावर आला. म्हातारीचं म्हणणं लिहायला त्याने शेवटचं पान उघडलं आणि लेखणी डावीकडे नेली. तिथे जागा नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्याचीच अक्षरं होती.

त्याने तो खडा उपरण्यात बांधला आणि जिथे जिथे नकला गेल्या होत्या, त्या गावांची वाट धरली. काही गावांनी ऐकून घेतलं. बहुतेकांनी सांगितलं, "आमच्या बखरीत तसं न्हाई." असाच फिरता फिरता तो एका आडगावच्या पारावर मेला. त्याच्या उशाशी पोरं खेळत होती. एक नावाडी झाला होता आणि बाकीची त्याला बडवत होती.

तात्पर्य: जे पाहिलं नाही ते 'ठाऊक नाही' असंच लिहावं. आणि ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसं समोर नसतील, तर त्यांच्यासाठी चार बोटं जागा आधी सोडावी; मागाहून ती सापडत नाही.