बाभळीची परी आणि आजारी लाखी

माळावर मेंढपाळांचा तळ होता. तिथे हौसा राहायची. आई गेल्यापासून तिला जिवाभावाची एकच, लाखी. मेंढरं राखणारी, लाखेच्या रंगाची कुत्री. पण आता लाखी अन्नाला शिवत नव्हती. अंग चटके बसावे तसं तापलेलं, लघवी कोऱ्या चहासारखी.

“शेजारच्या मळेवाल्यानं विष घातलं,” धुळामामा म्हणाला. “न्हाईतर पिसाळलीय. सांजच्याला लांब सोडून येतो.”

हौसा लाखीला उचलून बाभळीच्या बनात गेली. पिवळ्या गोंडेदार फुलांतून एक इवलीशी परी उतरली. सोनसळी पंख, पायांत दवाची पैंजणं.

“इच्छा माग, बाळ.”

हौसा मागे सरली. “बदल्यात काय नेशील? तूच घातलंस न्हवं विष?”

“आधी नीट बघ. बघितल्याशिवाय मी बरं करत नाही. हा माझा नियम.”

परीने लाखीचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक! मग कानाच्या कडेचं थेंबभर रक्त पानावर घेतलं आणि वर भिंगासारखा दवबिंदू धरला. हौसाने त्याला डोळा लावला. लाल टिकल्याच टिकल्या, आणि काहींच्या पोटात जोडीने बसलेले इटुकले जीव!

“हे दुखणं गोचिडांनी आणलं,” परी म्हणाली. “तुम्ही गोचीड काढून टाकता कुठे?”

“तिथंच. तळावर.”

“मग ते परत तिच्याच अंगावर चढतात.”

हौसाची मान खाली गेली. मळेवाल्याने काहीच केलं नव्हतं.

परीने रुपेरी औषधाने भरलेला काटा दिला. “तूच टोच. फार कळ येईल. तिचं तोंड बांधायचं नाही. ती तुला वैरीण समजेल, तरी हात काढायचा नाही.”

हौसाने काटा टोचला. लाखी किंचाळली, वळली. तिचे दात हौसाच्या मनगटावर आले.

“चाव, बाई. पण जग.”

दात थांबले. लाखी झुडपाआड जाऊन पाठ फिरवून बसली.

सांजेला मामा दोर घेऊन आला. हौसाकडून सगळं ऐकून हसला. “परी? आन् ती गोचीड बघती व्हय!”

तेवढ्यात लाखी लडखडत उठली. तिने हौसाच्या हातातली भाकरी हुंगली. मग हात हुंगला. बराच वेळ हुंगला. आणि त्या हातावर हनुवटी टेकून भाकरी खाऊ लागली.

बाभळीचं बन सोन्यासारखं लखलखलं आणि फुलांत दडलेली परी त्या उजेडात विरून गेली.

मामाने दोर खाली ठेवला. “कान धर तिचा,” तो हळूच म्हणाला. “गोचीड काढू. आन् इस्तवात टाकू.”