हिरू माळणीची बाग

करंजदऱ्याला अजून गाडीवाट नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. गावच्या देशमुखांनी ओढ्याकाठची सगळी रानझुडपं तोडली आणि तिथे परदेशी फुलझाडांची बाग लावली. बाग सांभाळायला होती हिरू माळीण. फुलं अशी यायची, की वाटसरू वाट विसरायचे, असं म्हणतात.

पण त्याच वर्षी गावातल्या भोपळ्यांना काय झालं कुणास ठाऊक! वेल फुलायचे आणि फुलं गळून पडायची. फळच धरेना. हिरूला काही उमगेना. पाणी होतं, खत होतं, मग चुकतंय कुठे? दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा श्रावणात ती बागेत नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी एक मधमाशी आली, परदेशी फुलांवरून तशीच पुढे गेली आणि वरच्या कातळातल्या रानतेरड्यावर उतरली.

हिरू बुचकळ्यात पडली. एवढी शोभा सोडून ही तिकडे का गेली? कारण कळलं नाही, पण तिने पावसात कातळ चढून तेरड्याची आणि त्याच्या शेजारच्या रुईची रोपं आणली आणि बागेत जागोजागी लावली. रुईवर पट्टेरी अळ्या पडल्या. त्यांनी पानांची चाळण केली.

देशमुख संतापले. "हिरू, बाग राखतेस की अळ्या पोसतेस?"

"मलाच नीट कळंना, मालक. पर भोपळं धरत्यात का ते बघू, दसऱ्यापतुर काय बी उपटू नका."

"आणि दसऱ्याला भोपळा नाही दिसला तर?"

"तर मी गाव सोडते."

रोज सकाळी ती अळ्या वेचायला जायची, ओंजळीत घ्यायची आणि पुन्हा पानावर ठेवून यायची. आपण करतोय ते शहाणपण की खूळ, हे तिलाच ठरवता येईना.

घटस्थापनेच्या सकाळी बागेतून केशरी जाळ उठला. लोक घागरी घेऊन धावले. बघतात तर फुलपाखरं! एवढी, की ऊन झाकलं गेलं, असं म्हणतात. त्यांच्यामागून मधमाश्या आल्या, मध प्यायला इवले शिंजीर पक्षी आले. आणि नऊ दिवसांत भोपळे असे लागले, की मांडव खाली बसले.

"हे झालं कसं गं?" देशमुखांनी विचारलं.

"मला न्हाई ठावं," हिरू म्हणाली आणि रडायलाच लागली.

म्हातारपणी ती रोपं आणायला कातळावर गेली, ती परतलीच नाही. शोधणाऱ्यांना पावसाळ्यात फुलणारा तेरडा भर चैत्रात तिथे फुललेला दिसला, असं म्हणतात. खरं काय, कोण सांगणार?

करंजदऱ्यात आजही खुरपणीला बसलेली बाई अनोळखी रोप दिसलं, की हिरूचं नाव घेते आणि रोपाला विचारते, "तुझ्याकडं कोण येतं रं?" मग खुरपं बाजूला ठेवून थोडा वेळ बघत बसते. एखादी माशी, एखादा किडा येऊन टेकला, की त्या रोपाला वळसा घालून ती पुढे सरकते.