डब्याचा श्वास

एकदा वऱ्हाडातल्या एका वृद्ध कुंभाराने भर मांडवात सांगितले, की तापलेली कोणतीही वस्तू आपण निववू शकतो. मग स्वतःच हसून म्हणाला, चहा मात्र अजून बशीत ओतावा लागतो.

त्याचे नाव उकंडबाबा. तिसरी इयत्ता कशीबशी ओलांडलेली, पण भट्टीच्या विद्येत त्याला तोड नव्हती. ती विद्या त्याची शिष्या देवयानी एका पुस्तकासाठी संगणकावर उतरवून घेत होती. ते त्या दिवशी सायंकाळपर्यंत छापखान्यात पोचले नाही, तर यंदा छापले जाणार नव्हते. आणि बाबांचे वय चौऱ्याऐंशी.

वैशाखाचे ऊन. संगणक अर्ध्या तासात तापे आणि बंद पडे. मातीची धूळ नको म्हणून देवयानीने त्याचा डबा भिंतीतल्या खोल कोनाड्यात बसवला होता. तिने दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले माठ ठेवले, समोर वाळ्याचा पडदा सोडला. बाबांनी गंभीर चेहऱ्याने सुचवले, की ऊन बाधू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, यालाही ठेवून पाहा. हताश झालेल्या बिचारीने खरोखरच डब्यावर कांदा ठेवला. बाबा पोट धरून हसले.

तेवढ्यात संगणकाचा पडदा पुन्हा काळा झाला. देवयानीचे डोळे भरून आले. बाबांचे हसू मावळले. त्यांनी माठ हलवले, वाळा काढला, यंत्र सुरू करायला लावले आणि डब्यापुढे उदबत्ती पेटवून स्तब्ध बसले. ही वेळ पूजेची आहे का, असे तिच्या ओठांवर आले. पण तिची नजर धुरावर खिळली. धूर पुढच्या जाळीतून आत ओढला गेला, मागून बाहेर पडला, भिंतीवर आपटला आणि वळून पुन्हा पुढूनच आत शिरला. तिच्या अंगावर काटा आला. ज्यांनी कधी त्या यंत्राला बोट लावले नव्हते, त्यांनी तिला त्याचा श्वास दाखवला होता.

बाबांनी डबा कोनाड्यातून काढून खिडकीपाशी मांडला, पाठ बाहेर करून. मग दोन तास तो एकदाही बंद पडला नाही.

“भट्टी असो की डबा,” बाबा हळूच म्हणाले, “आत यायची वाट आणि बाहेर जायची वाट वेगळी लागते. हा टाकलेला श्वासच परत घेत होता. कोंडून ठेवलं की तापतंच, पोरी. विद्यासुद्धा.”

देवयानीने कळफलकावर हात ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिले.

“मग बाबा, काळी भांडी भाजायची युक्ती तुम्ही अजून मला का सांगितली नाही?”