सरपणामागचा चिमटा

“मग मोडका चिमटा कुठाय?” मठाचे महंत भैरवगिरींनी विचारलं.

सायकलीचं पुढचं चाक ज्यात बसतं, तो चिमटा आणायला मोरेश्वर पुन्हा बाजारात गेला होता आणि पुन्हा चुकीचाच घेऊन आला होता. आधीचा आखूड पडला, हा लांब.

“नमुना न नेता चिमटा मिळतो होय रे? माप कशानं घेतलंस, प्रवचनानं?”

गिरणेकाठच्या त्या लहानशा मठात ही एकच सायकल. भिक्षेची पोती तिच्यावरूनच यायची. आणि मोरेश्वर म्हणजे मठाचा नावाजलेला प्रवचनकार. तो बोलायला लागला की गावंच्या गावं माना डोलवायची. त्या डोलणाऱ्या माना त्याला फार आवडायच्या, खोटं कशाला बोला!

“सरपणामागं टाकलाय, बाबा.”

“का?”

“वाकडा चिमटा हातात घेऊन गावातून जायचं म्हणजे... लोक विचारतात, काय झालं म्हणून.”

“काय झालं?”

दगडाला धडकलो, असं मोरेश्वरानं मठात सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ते मानलंही होतं.

“दगड नव्हता, बाबा... तुळसाबाई होती. चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. प्रवचन रंगलं होतं, मी त्याच तंद्रीत. उताराला ब्रेकसुद्धा लावला नाही. ती पडली, चाक बांधावर आदळलं.”

“मग?”

“उठली आणि माझ्याच पाया पडली. ‘चुकलं महाराज, मधे आले,’ म्हणाली. डाव्या हातानं पडली पाया... उजवा उचलतच नव्हता.”

“तू काय म्हणालास?”

“सवयीनं ‘कल्याण असो’ म्हणालो. आणि सायकल खांद्यावर टाकून निघून आलो.”

भैरवगिरी उठले. गुडघे धरत सरपणापाशी गेले. चिमटा ओढून काढला, आपल्या छाटीनं पुसला आणि मोरेश्वराच्या दोन्ही हातांवर ठेवला.

“हा घेऊन जा. झाकू नकोस.”

बाजाराची वाट तुळसाबाईच्या दारावरूनच जायची. उजवा हात गळ्यात बांधून ती डाव्या हातानं चारा कापायची धडपड करत होती. गोठ्यात म्हैस ओरडत होती.

“सायकल नीट झाली का, महाराज?” तिनं विचारलं आणि पाया पडायला वाकली.

मोरेश्वराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिला वाकू दिलं नाही. तिच्याच पायांवर डोकं ठेवलं.

“माझ्यामुळं झालं हे, माय...” त्यानं तिच्या हातातला विळा घेतला.

संध्याकाळी तो मठात परतला तेव्हा हातात तोच वाकडा चिमटा होता.

“बाजारापर्यंत पोचलोच नाही, बाबा. चारा कापत बसलो. तिचा हात जुळेपर्यंत रोज जावं लागेल.”

“आणि प्रवचन?”

“कुठल्या तोंडानं करू?”

भैरवगिरींनी त्याचे फोड आलेले तळहात उलटसुलट करून पाहिले.

मग चिमटा पुन्हा त्याच हातांत दिला.

“नव्याची घाई नाही. मोडका मात्र हरवू नकोस.”