पानावर राखलेला घास

“वडिलांना किती वेळ देता?” नागनाथबुवांनी विचारलं.

“रोज रात्री अर्धा तास. त्यात खंड नाही,” चंद्रहास पाटणे म्हणाले.

काम आणि घर यांची वेळ कशी बसवावी, हे कंपन्या-कंपन्यांतून शिकवणारा हा माणूस. स्वतःचा दिवस तर त्यांनी असा बसवला होता की त्यात बोट शिरायला फट नव्हती. आज मात्र मठात आले ते उतरलेला चेहरा घेऊन.

“त्या अर्ध्या तासात काय करता?”

“एकत्र जेवतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा हात नीट चालत नाही. माझं भराभर होतं. मग हात धुऊन त्यांच्यासमोर बसतो.”

“नुसते?”

“हो. फोनसुद्धा बाजूला ठेवतो. त्यांच्याकडेच बघत असतो...”

पाटणे जरा पुढे सरकले.

“पण हल्ली ते दोन घास घेतात आणि ताट सारतात. पोट भरलं म्हणतात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. बुवा, आणखी किती वेळ काढू? कुठून काढू, तेवढं सांगा.”

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. बुवा उठले.

“चला, पानं वाढलीत.”

पंगत लहानशीच होती. टोकाला भिवा आजोबा बसले होते. एके काळी मठाच्या गाई त्यांनी सांभाळल्या. आता हात थरथरे. भात तोंडात कमी, मांडीवर जास्त.

मठाची रीत अशी, की सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

पाटण्यांचं सर्वांत आधी झालं. उष्टा हात वाळत चालला. त्यांनी घड्याळ पाहिलं... थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मग टोकाकडे पाहिलं.

ती नजर भिवा आजोबांना कळली. हातातला घास त्यांनी तसाच पानात ठेवला.

मग त्यांचं लक्ष बुवांच्या पानाकडे गेलं. बुवा अजून जेवत होते. आजोबांनी घास पुन्हा उचलला.

पाटण्यांनीही आता बुवांच्या पानाकडे नीट पाहिलं. घासभर दहीभात. बुवा त्यातलं एखाददुसरं शीत उचलत, सावकाश चघळत.

“बरं वाटत नाही का, बुवा?” त्यांनी हळूच विचारलं.

“माझं केव्हाच झालंय.”

“मग...”

बुवांनी आणखी एक शीत उचललं.

बऱ्याच वेळानं भिवा आजोबांनी पान बोटानं पुसून घेतलं आणि मान वर केली.

“माझं झालं! तुमचंच राहिलं की वो, बुवा!”

“तुमच्या पुढं आमचा काय निभाव लागणार, आजोबा?”

भिवा आजोबा तोंडभर हसले. बुवांनी उरलेला घास तोंडात घातला आणि पंगत उठली.

पाटणे मात्र उठले नाहीत. आपल्या कोरड्या पानाकडे बघत राहिले. घरचं जेवणाचं टेबल त्यांना दिसत असावं. डोळे भरून आले.

“बुवा... मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो हो रोज.”

बुवांनी तांब्या उचलला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं.

“आज त्यांना तुमच्यासाठी थांबू द्या.”